सातव्या प्रकरणात मेलेली बाई

भागीआयची आणि माझी ओळख झाली ती ती मेल्यानंतर. आधी मी तिच्या मरणावर रडलो, चांगला पंचा ओला होईपर्यंत रडलो, आणि त्यानंतर चार दिवसांनी तिच्या हातचं जेवलो. हा क्रम उलटा आहे हे मलाही कळतं. पण त्यात माझा दोष नाही, दोष दामोदरचा.

दामोदर डहाणूच्या शाळेत मराठी शिकवायचा. मी साताऱ्याकडून तिथे लागलो तेव्हा समुद्र मी फक्त भूगोलाच्या तासाला पाहिलेला होता, तोही फळ्यावर, मीच काढलेला. शाळेत मला सगळे 'घाटावरचे मास्तर' म्हणत. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझं अक्षर. त्या अक्षरानेच मला या प्रकरणात ओढलं. दामोदर गेली तीन वर्षं एक कादंबरी लिहीत होता. नाव 'उपाशी किनारा'. त्याने तिची काही प्रकरणं मुंबईच्या एका प्रकाशकाला पाठवली होती आणि उत्तर आलं होतं की गरिबीचं असं चित्र आमच्या पाहण्यात नाही, सातवं प्रकरण काळीज हलवून सोडतं, त्यातलं अक्षरही बदलू नका, मात्र संपूर्ण कादंबरी वाचता येईल अशा अक्षरात पाठवा. दामोदरचं अक्षर त्याचं त्यालाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. तेव्हा त्याने पुठ्ठ्यात बांधलेला गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. मी चहा प्यालो आणि अडकलो.

कादंबरीतली पार्वती ही मासे विकणारी बाई. तिचा नवरा दुसऱ्या प्रकरणात वादळात बुडतो. मग उपासमार. सातव्या प्रकरणात ती रिकामी टोपली घेऊन, फाटक्या लुगड्यात, भर उन्हात चिकूच्या वाडीतल्या बंगल्याच्या मागच्या दारी जाते आणि आयुष्यात पहिल्यांदा हात पसरते. 'मूठभर तांदूळ द्या, पोरं उपाशी आहेत.' दार बंद होतं आणि पार्वती कुंपणापाशी कोसळते ती उठत नाही.

"ही सगळी माझ्याच घरातली माणसं आहेत," दामोदर खाली बघत म्हणाला. "आय, बाबा, बहीण. नावं तेवढी बदलली."

 आई भुकेने गेलेली, बाप समुद्रात गेलेला, आणि हा माणूस रोज हजेरी घेतो, व्याकरण शिकवतो, हसतो! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "रविवारी घरी चला, चिखल्याला." अनाथ बहिणीसाठी म्हणून मी पावशेर बत्तासे घेतले आणि त्याच्या सायकलच्या मागे बसून निघालो.

घर अगदी किनाऱ्याला होतं. अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले आणि वासाने माझे डोळे भरून आलेले. मांडवाखालून एक भरघोस बाई बाहेर आली. काष्टा मारलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, तोंडात पान. तिने मला खालपासून वरपर्यंत बाजारात मासा पारखतात तसं पारखलं आणि विचारलं, "दामू, ह्यो कोन रं? घाटावर ह्येला खायाला घालीत नाय काय?"

"ही आय," दामोदर म्हणाला.

"कुठली आई?" मी विचारलं.

"मला एकच आहे," तो म्हणाला.

ओटीवर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्याने मान वर करून मला रामराम केला. "बाबा," दामोदर म्हणाला. मी म्हणालो, "पण हे तर दुसऱ्या प्रकरणात..." तेवढ्यात दामोदरने माझ्या पायावर पाय दिला. आतून एक धट्टीकट्टी मुलगी येऊन माझ्या हातातले बत्तासे घेऊन गेली. ती कमळी, उपासमारीने डोळे खोल गेलेली बहीण.

भागीआयला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास?" तुम्ही तिच्याच घरी जेवून, हात धुऊन, ओले हात झटकत बाहेर आलात तरी ती विचारायची, "जेवलास?" नाही म्हणायची सोय नसे आणि हो म्हटल्यावर तिचा विश्वास बसत नसे. कुणी कमी खाल्लं की तिला तो स्वतःचा अपमान वाटायचा. पोस्टमन पत्र देऊन लगेच निघाला तर ती त्याला अंगणातून हाक मारायची, "काय रं, मी आजारी हाय काय, पळतोस असा?" पाहुणा उपाशी गेला तर गावात आपलं नाव जाईल, ही धास्ती तिच्या मनात कायमची होती. ती इतकी कुठून आली हे मला बरंच पुढे कळलं.

विकायला बसली की तिचा एक नियम होता. मासळीजवळ येऊन नाक मुरडणाऱ्याला ती काहीही विकत नसे. "नाक घरी ठेव नि मग ये," असं सांगून ती टोपलीवर फडकं ओढायची. गुजराती शेठाणीशी गुजरातीत, गंजाडच्या वारली बायकांशी त्यांच्या बोलीत, कारकुनाशी चक्क शुद्ध मराठीत ती बोलायची. भांडायची मात्र फक्त स्वतःच्या भाषेत. ती म्हणायची, भांडण उसन्या भाषेत रंगत नाही.

एकदा एस्टीच्या कंडक्टरने तिची टोपली वासामुळे टपावर चढवायला लावली. भागीआय शहाण्यासारखी आत बसली. पण प्रत्येक थांब्याला तिने हाक दिली, "कंडक्टर, माझी टोपली हाय ना बग रं!" कंडक्टरने न बघता 'आहे' म्हटलं की ती सगळ्या गाडीला साक्षीला घ्यायची, "बगा, न बगता सांगतो!" आणि गाडी हसायची. तीन वेळा शिडी चढल्यावर त्या माणसाने टोपली खाली आणली आणि स्वतःच्या जागेवर ठेवली. डहाणूपर्यंत तो उभा होता. उतरताना तिने त्याला चार बोंबील दिले आणि विचारलं, "जेवलास?"

तर त्या पहिल्या रविवारी मी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खात होतो. आमच्याकडे मासे म्हणजे काटे एवढीच माहिती. पण ते कालवण खाताना माझी जीभ सैल सुटली. भागीआय वाढायला वाकली तेव्हा मी भरल्या तोंडाने म्हणालो, "आई, तुमच्या मरणाइतकं चांगलं मी काही वाचलेलं नाही."

पळी हवेतच राहिली. "माझं काय?"

"मरण. सातव्या प्रकरणात."

दामोदरने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेना. भागीआय खाली बसली. "कशानं मेले मी?"

"भुकेनं," मी म्हणालो.

यावर ती एवढी हसली, एवढी हसली की शेजारच्या बायका काय झालं ते बघायला कुडावरून डोकावल्या. "ऐकलात गो? मी भुकेनं मेले!" असं ती प्रत्येकीला सांगत सुटली. डोळे पुसून झाल्यावर दामोदरकडे वळली. "मना बाजारात तीन मानसांची जागा लागते नि तू मना भुकेनं मारलीस? बरं. मास्तर, फुडच्या रविवारी ते बाड घेऊन ये. आमी ऐकू."

अशा तऱ्हेने 'उपाशी किनारा'चं जाहीर वाचन सुरू झालं. दर रविवारी दुपारी मी ओटीवर बसायचो, समोर मासे साफ करणाऱ्या बायका, खांबाला टेकून दामोदरचे बाबा, म्हणजे धर्माबाबा, जाळं घेऊन, आणि दामोदर मागच्या दारी, हाक मारली तर पळता येईल अशा बेताने. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही कादंबरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ही घरातली खबर होती आणि चुकीची लिहिलेली होती.

धर्माबाबा दिवसाला दोन वाक्यं बोलणारा माणूस. स्वतःचं बुडणं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वारा कुठला व्हता?" मी पान उलटून सांगितलं, "ईशान्येचा." तो जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "त्या वाऱ्यात कोंबडी पन बुडत नाय." त्याला बुडण्याचं दुःख नव्हतं, पण पंचवीस वर्षं होडी चालवून असल्या फालतू वाऱ्यात बुडालो असं छापून यावं हे त्याला लागलं होतं. दामोदरने वारा बदलला. कमळीची तक्रार वेगळीच. कादंबरीतल्या बहिणीचे केस लांबसडक होते ते तिला फार आवडले. पण ती तीन प्रकरणांत एकदाच बोलते याचा तिला राग आला.

भागीआयने नवरा बुडाला त्या दिवशी वाचन संपताच त्याची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मग तिला वाटलं, वाईट लिहिलंय ते कागदात, तेव्हा कागदाचीही काढावी. मी नको नको म्हणेपर्यंत तिने गठ्ठा निखाऱ्यांवरून तीनदा फिरवला. दुसऱ्या प्रकरणाचा कोपरा जळला तो मला परत लिहावा लागला, आणि पुढे प्रकाशकाच्या पत्रात एक ओळ आली की हस्तलिखिताला समुद्राचा खरा गंध आहे. तो गंध मिरच्यांचा आणि बोंबलांचा होता हे आम्ही कळवलं नाही.

खरी गंमत पुढेच झाली. एका सोमवारी धर्माबाबा चिखल्याहून चालत डहाणूला आला आणि रेशनच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. त्याचा समज असा, की छापलं म्हणजे सरकारात गेलं. दिवाळीला कादंबरी निघाली आणि तो बुडाल्याचं छापून आलं की रेशन कार्डावरचं त्याचं नाव कापणार आणि त्याच्या वाटणीचं धान्य बंद होणार. म्हणून तो आधीच सांगायला आला होता. कारकुनाला त्याने इतकंच सांगितलं, "साहेब, मी दिवाळीला बुडनार हाय. पन मी जिता हाय. नाव कापू नका." कारकून बिचारा घाबरला. म्हाताऱ्याला जीव द्यायचाय अशी त्याची समजूत झाली आणि त्याने त्याला बाकावर बसवून, पाणी पाजून, शिपायाकरवी शाळेत निरोप धाडला. दामोदर आणि मी धावत गेलो. धर्माबाबा बाकावर आरामात बसला होता. आम्हाला बघून म्हणाला, "लिवून घेतला बरं त्यांनी."

असं सगळं हसत खेळत चाललं होतं. सातवं प्रकरण येईपर्यंत.

त्या रविवारी ओटीवर जागा नव्हती. मी वाचत गेलो. पार्वतीची रिकामी टोपली, ऊन, बंगल्याचं मागचं दार. बायका पदर तोंडाला लावून मुसमुसत होत्या. भागीआयसुद्धा रडत होती. "बिचारी गो," असं दोनदा म्हणाली, जसं काही ती पार्वती दुसऱ्या गावची. मी शेवटच्या ओळीवर आलो आणि थांबलो. मग ती म्हणाली, "मास्तर, मागं जा. हात पसरला तिथनं वाच."

मी वाचलं. ती म्हणाली, "परत." मी पुन्हा वाचलं. आता ती रडत नव्हती. उठली, समोरची मासळीची टोपली उचलून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. त्या दिवशी तिने मला जेवलास का म्हणून विचारलं नाही. 

बुधवारी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. टोपली व्हरांड्यात ठेवली, भोवती जमलेल्या पोरांना एका हाताने हाकललं आणि मला कोपऱ्यात घेतलं. मुलाकडे गेली नाही, माझ्याकडे आली, कारण तिच्या लेखी लिहिणारा मी होतो.

"मास्तर, मना मारायचं तं मार. माझी ना नाय. म्हाताऱ्याला बुडवला, तो बी बुडला. फाटका लुगडा नेसवलास, नेसले. पन तो हात काढ."

"अहो, ती पार्वती आहे. तुम्ही नव्हे."

"पार्वती कोन ते चिखल्यातली कुत्री पन सांगतील." तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. त्या आवाजात मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "दामू आठ वर्सांचा व्हता. म्हातारा सगळा हंगाम तापानं पडून. होडी वाळूवर. पावसाळा आला नि घरात सुकी मासळी पन नाय. तरी मी रोज सकाळी टोपली डोक्यावर घेऊन निघायची. काय असंल टोपलीत?"

"काय?"

"ओली वाळू. रिकामी टोपली डोक्यावर हलते. बायांना लगेच कळतं. वाळू घातली का मान बरी ऱ्हाते. गंजाडला जायची, बांधावर वाळू ओतायची, नि माझ्या मैतरणीच्या शेतात लावनीला उभी ऱ्हायची. संध्याकाळी टोपलीत तांदूळ. गावाला वाटायचं, भागीनं मासळी विकली. कोळ्याची बाई चिखलात भात लावते, हे मी माझ्या सासूला पन कळू दिला नाय. इतकं केलं मी, मास्तर. पन हात पसरला नाय. माझ्या घरात कोनी पसरला नाय." मग टोपली उचलून म्हणाली, "आन ही वाळूची गोष्ट पन लिवू नको. नायतर तुला बघते."

मी दामोदरला एवढंच म्हणालो की तो हाताचा प्रसंग गाळता येणार नाही का. तो चिडला. म्हणाला, कादंबरी त्या हातावर उभी आहे, प्रकाशकाने अक्षरही बदलू नका म्हणून लिहिलंय, दारापर्यंत जाऊन न मागता मेली तर ती गरिबी कसली, तो नुसता उन्हाचा त्रास. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ओली वाळू होती. मी भित्रा माणूस, समोरासमोर भांडण मला जमत नाही. तेव्हा मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. शुद्ध प्रत करताना मी पार्वतीला दारापर्यंत पोचूच दिलं नाही. चार पावलं अलीकडे, हात टोपलीला धरलेला असतानाच तिला मारलं आणि हे कुणाला कळणार नाही असं समजून स्वस्थ झोपलो.

दामोदरला शनिवारी कळलं. शिक्षकांच्या खोलीत तो पानं पडताळत बसला होता. सातव्या प्रकरणाशी आला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने सायकल काढली आणि म्हणाला, "बसा." चिखल्यापर्यंतचे सगळे खड्डे माझ्यापर्यंत पोचले.

भागीआय अंगणात मांडवाखाली बोंबील उलटत होती. दामोदरने सायकल तशीच टाकली आणि ओरडला, "आय, तू मास्तरांना सांगितलंस ना हे काढायला?"

"सांगितला. मी कदी हात पसरला नाय. खोटं कशाला लिवतोस?"

"खोटं नाही ते!"

"मग कोनी पसरला? सांग. कोनी?"

"मी!" दामोदर म्हणाला. "मी पसरला, आय. त्या पावसाळ्यात. वाडीतल्या बंगल्याच्या मागच्या दारी. तू गंजाडला जायचीस तेव्हा."

ओटीवरचं जाळं शिवायचं थांबलं. कमळी दारात आली होती. मी कुठे बघावं ते न कळून बोंबलांकडे बघत होतो. स्वतःचा हात लिहायचा त्याला धीर झाला नव्हता म्हणून त्याने तो आईला लावला होता, हे त्या क्षणी मला उलगडलं आणि त्याचा आलेला सगळा राग निघून गेला.

भागीआयने हातातला बोंबील मांडवावर नीट ठेवला. मग तिने विचारलं, "काय दिलं त्यांनी?"

"पोळी. वर गुळाचा खडा."

"ताजी?"

"कधी ताजी, कधी सकाळची."

"किती येळा गेलास?"

"आठवड्यातून दोनदा. महिनाभर. अर्धी मी कमळीला आणायचो. तू विचारलंस तर सांगायचो, शाळेत वाटली."

भागीआयचे डोळे मोठे झाले. "शाळेत वाटली!" ती म्हणाली. "आन मी म्हनले, मास्तर गुळपोळी देतो तं शाळा बरी हाय! म्हाताऱ्याला बरं वाटल्यावर तो म्हनला, पोऱ्याला आता होडीवर घेतो. मीच नाय घेऊ दिला. गूळ सुटेल म्हनून शाळेत धाडत ऱ्हायले!"

"म्हणून मी मास्तर झालो," दामोदर म्हणाला.

कमळीला हसू फुटलं. मग धर्माबाबाला. मग मलाही आवरेना. भागीआय हसायला लागली आणि हसता हसताच मांडवाच्या बांबूला धरून रडू लागली. असं रडताना मी तिला तेवढंच पाहिलं. दामोदर तिच्याजवळ गेला. म्हणाला, "आय, मी बदलतो. तुझा हात काढतो. खरं होतं ते लिहितो, पोराचा हात लिहितो."

तिने पदराने तोंड खसाखसा पुसलं. "खबरदार," ती म्हणाली. "आठ वर्सांचा पोऱ्या दारात हात करून उभा, नि ते मानसं वाचनार? मास्तर, माझाच हात ठेव. व्हता तसा ठेव."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात..."

"म्हनले व्हते. आता हे म्हनते. माझा हात मोठा हाय, त्याला काय व्हत नाय." मग जरा विचार करून म्हणाली, "पन लुगडा फाटका नको. हात पसरायचा तं धड लुगड्यात पसरीन."

ही अट दामोदरने मान्य केली. मी ते पान पुन्हा लिहिलं. कादंबरी निघाली तेव्हा एका साप्ताहिकाने लिहिलं की उपाशी बाईच्या अंगावर धडकं लुगडं दाखवण्यात लेखकाने फार सूक्ष्म कला साधली आहे. दामोदरने ते कात्रण आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सांगितला व्हता ना."

काही वर्षांनी माझी तलासरीला बदली झाली. चिखल्याला जाणं कमी होत गेलं, मग सणासुदीपुरतं राहिलं. भागीआयला मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका रविवारी. मुंबईहून एक कॉलेजातल्या बाई कादंबरीतला किनारा बघायला म्हणून आल्या होत्या. दामोदर त्यांना घेऊन आला होता. बाई चांगल्या होत्या, वासाला नाक मुरडत नव्हत्या, त्यामुळे भागीआय त्यांच्यावर खूश होती. ती विळीवर मासे कापत होती, आता अंगाने पुष्कळ उतरली होती. शेजारपाजारच्या बायका मुंबईचं माणूस बघायला ओटीशी जमल्या होत्या. कमळी झाई गावी दिली होती, तीही मुलांना घेऊन आलेली.

बाईंनी वही काढली. थोडं घुटमळून म्हणाल्या, "आई, एक विचारू का? राग मानू नका. ते सातव्या प्रकरणातलं... तुम्हाला खरंच कुणाच्या दारी हात पसरावा लागला होता?"

 ज्या बायकांपासून लपवण्यासाठी तिने पावसाळाभर डोक्यावर ओली वाळू वाहिली, त्यांतल्या दोघीतिघी त्या घोळक्यातच होत्या, म्हाताऱ्या झालेल्या. मी भागीआयकडे बघत होतो. दामोदरने घसा साफ केला आणि तो म्हणाला, "खरं सांगायचं तर, बाई, त्या वेळी..."

"पसरला तं," भागीआय म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पावसाळा व्हता. आठवड्याला दोनदा जायची मी. पोळी द्यायचे, वर गूळ."

बाई लिहून घेऊ लागल्या. दामोदर उभाच होता. "आय," तो म्हणाला, "असं नव्हतं ते. मला सांगू दे."

भागीआयने विळीवरचा मासा दोन तुकडे करून बाजूला टाकला आणि मान वर न करता म्हणाली, "तू गप. तुना काय ठावं? तू लहान व्हतास."